खारवलेली मोटार

१९७२ सालच्या मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या उपासांतल्या एका रविवारी, चर्चला जाताना माझ्या सासूबाईंचा उजवा पाय मोटारीच्या तळातून आरपार गेला आणि रस्त्याला लागला. गाडी चालू होती.

आमच्या सँत-झेनोबी गावात मोटारीचा तळ जाणं ही काही नवलाई नव्हती. नदीकाठचा मोठा रस्ता नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मिठाने पांढरा असतो. ते मीठ बर्फ वितळवतं आणि त्यानंतर रिकामपणी लोखंड खातं. पाच-सहा हिवाळे काढले की गाडी वरून गाडी आणि खालून चाळणी. माझ्या माहेरच्या गाडीत तर मागच्या सीटपुढे एवढं मोठं भोक होतं, की आम्ही बहिणी त्यातून पळणारा रस्ता बघत लहानाच्या मोठ्या झालो. पण भोक असणं वेगळं आणि त्यात सासूबाईंचा पाय जाणं वेगळं.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. सासूबाईंनी गाडीबरोबर दोन-चार पावलं टाकली आणि पुढे बसलेल्या थोरल्या लेकाला म्हणाल्या, "लेओ, जरा हळू चालव. मला एवढं भरभर चालवत नाही."

त्या गडबडीत त्यांचा चर्चला घालायचा काळा जोडा मागे चिखलबर्फात गेला तो गेलाच. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे लेओनिदासचा, रबरी बूट डिकीत पडलेला होता. सासूबाईंनी तो उजव्या पायात चढवला आणि एका पायात जोडा, एका पायात गुडघ्यापर्यंत बूट अशा थाटात त्या प्रसाद घ्यायला वेदीपर्यंत चालत गेल्या. फचाक, टक, फचाक, टक. पाद्रीबुवांनी मान वर केली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते हे मी पाहिलं.

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव गप्पा मारत उभं होतं. सासूबाईंनी नेमकी तीच जागा निवडली. "लेओ," त्या म्हणाल्या, "तुझ्या गाडीला जमीन येईपर्यंत मी मोरीलच्या गाडीतून येईन."

मोरील म्हणजे माझा धाकटा दीर. तो ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं विकायचा, मोठ्याने हसायचा आणि गंज दिसायच्या आत गाडी बदलायचा. लेओनिदास शेजारच्या शहरात पतपेढीत रोखपाल होता, हळू बोलायचा आणि एकदा घेतलेली वस्तू तिचा जीव जाईपर्यंत वापरायचा. मामंजी गेल्यापासून दर रविवारी आईला चर्चला नेणं हा त्याचा मान होता. घराण्याकडून त्याला मिळालेली ती एकच गोष्ट. जमीन मोरीलने विकली होती आणि घड्याळ नणंदेकडे होतं.

उन्हाळ्यात आम्ही गाडी घेतली. नवी नव्हती. नोटरीच्या विधवेने ती दर हिवाळ्यात कोठारात झाकून ठेवली होती, त्यामुळे तिला मीठ म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. मटारासारखा हिरवा रंग आणि खाली अखंड, सपाट, कोरा तळ. लेओनिदासने ती आधी आईच्या दारात नेली. सासूबाईंनी दार उघडून काठीने तळावर ठोकलं, पुढे ठोकलं, मागे ठोकलं.

"आत्ता आहे जमीन," त्या म्हणाल्या. "आत्ता तर माझ्या घरालाही आहे. हिवाळा जाऊ दे. ईस्टरला बघू. एक डाग जरी दिसला, तरी मी आपली मोरीलकडे."

"ईस्टरला," लेओनिदास म्हणाला. माझा नवरा शब्द देताना आवाज चढवत नसे, त्यामुळे तो किती पक्का आहे ते मला एकटीलाच कळायचं.

आता मोटारीला मिठापासून कसं वाचवायचं, हा आमच्याकडे राजकारणापेक्षा मोठा विषय. सगळ्यांचा उपाय साधारण सारखाच असतो. शरद ऋतूत गाडीच्या पोटाला इंजिनातलं जळकं तेल फासायचं, आणि मग ती धुळीच्या रस्त्याने दामटायची. तेलावर धूळ बसते, धुळीवर तेल झिरपतं, आणि हिवाळ्यापर्यंत गाडीला एक कातडं येतं. कुणी हे काम सप्टेंबरात करतं, कुणी ऑक्टोबरात, आणि यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

आमच्या शेजारी ओविला राहायचा. आयुष्यभर त्याने गावाच्या हजामती केल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर हातातली कात्री तेवढी गेली होती, तोंड चालूच होतं. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "जळकं तेल? लेओ, ते गावंढळांचं काम. पहिल्या पावसात गळून जातं. जवसाचं तेल घे. आणि त्यात डुकराची चरबी."

"चरबी कशाला?" मी विचारलं.

"धरून ठेवायला. माझ्या आजोबांनी घसरगाडीच्या पट्ट्यांना आयुष्यभर चरबी लावली. ते गेले, पट्ट्या अजून आहेत."

"घसरगाडीच्या काळी रस्त्यावर मीठ नव्हतं, ओविला."

"म्हणूनच तर," ओविला म्हणाला. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण तो तुमच्याच बाजूने बोलतोय असं त्याला मनापासून वाटायचं.

लेओनिदासने विचार केला. त्याचा विचार जेवणभर चालला, आणि भांडी विसळून होईपर्यंत माझ्या नाताळच्या तूर्तिएरसाठी, म्हणजे मांसाच्या पाईसाठी, राखलेली चरबी त्या विचारात गेलेली होती. माझ्या जॅमच्या पातेल्यात जवसाचं तेल आणि चरबी एकत्र उकळली. स्वयंपाकघराला असा वास सुटला, की पडदे धुतले तरी ईस्टरपर्यंत कुणीही आलं की विचारायचं, "काय तळताय?"

फासायला बटाट्यावरच्या किड्यांची फवारणी करायचा पंप होता. गाडी दोन फळ्यांवर चढवली. लेओनिदास आईचा जुना रेनकोट घालून खाली शिरला आणि ओविला बाहेरून सूचना देऊ लागला. "डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे." संध्याकाळी माझा नवरा बाहेर आला तेव्हा तो कढईतून काढल्यासारखा दिसत होता. पतपेढीतला रोखपाल, ज्याच्या शर्टाच्या बाहीवर मी कधी शाईचा ठिपका पाहिला नव्हता, तो अंगणात उभा राहून चरबी ठिबकत म्हणाला, "रोलांद, एकसुद्धा सांधा सोडलेला नाही."

मी त्याला अंगणातच नळीने धुतलं. तेवढ्यात रस्त्यावरून मोरील गेला. गाडीचा वेग कमी करून काच खाली घेत त्याने विचारलं, "वहिनी, मिठात कधी घालताय?"

आता राहिली धूळ. आणि इथे सरकार आडवं आलं. निवडणूक झाली होती आणि दिलेलं वचन कधी नव्हे ते पाळलं गेलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडचे सगळे रस्ते डांबरी झाले. चर्चचा रस्ता, मागच्या शेतांच्या ओळीचा रस्ता, अगदी स्मशानाचासुद्धा. पिढ्यानपिढ्या आम्ही धुळीला शिव्या दिल्या, आणि नेमकी हवी तेव्हा गावात चमचाभर उरली नव्हती. लेओनिदास धूळ शोधत दोन शनिवार फिरला, आणि फिरता फिरता गाडीने नव्या कोऱ्या काळ्या डांबरावर एक पिवळट, चकचकीत रेघ ओढली. ती आमच्या दारातून निघून बेकरीपाशी वळायची, चर्चला वळसा घालायची आणि स्मशानातून परत आमच्याकडे यायची.

रेघेच्या मागोमाग ग्रामकचेरीचे चिटणीस फोर्तुना आले. बारीक, नीटनेटका माणूस, आणि नियमांवर त्यांचा इतका जीव की लोकांचा तेवढा मुलांवरही नसेल.

"मस्यू लेओनिदास, आपल्या गाडीतून काय गळतंय?"

"तेल."

"नुसतं तेल?"

लेओनिदासला खोटं बोलता येत नसे. "थोडी चरबी आहे."

"कशाची?"

"डुकराची."

फोर्तुनांचा चेहरा उजळला. तेलाबद्दल त्यांच्याकडे काहीच नियम नव्हता, पण चरबीबद्दल होता, आणि तो त्यांना वापरायला कधी मिळाला नव्हता. गावाच्या हद्दीत प्राण्याची चरबी वाहून नेणारं प्रत्येक वाहन हे मांसवाहन, आणि मांसवाहनाला परवाना हवा, शिवाय माल झाकलेला हवा.

"माल गाडीच्या खाली आहे," लेओनिदास म्हणाला.

"मग खालून झाका."

"खालून झाकलं तर धूळ कशी लागणार?"

"मांसाला धूळ लागू नये," फोर्तुना म्हणाले, "म्हणूनच तर झाकायचं."

मी दारात उभी राहून ऐकत होते. हसू फुटू नये म्हणून ॲप्रनचं टोक तोंडात कोंबलं होतं. अखेर दोघं कचेरीत गेले आणि तोडगा निघाला. लेओनिदासने परवाना घ्यायचा, आणि झाकण्याची अट, मालापर्यंत खालून पोचणं अवघड आहे या कारणासाठी, वसंतापर्यंत माफ. त्याप्रमाणे आमच्या मटारी मोटारीच्या मागे, नंबरपाटीशेजारी, एक छोटी पत्र्याची पाटी लागली. 'मांसवाहतूक.' ती लावून लेओनिदास रोज पतपेढीत जायचा. पाटी काढून डिकीत ठेव, असं मी सुचवलं. तो म्हणाला, "परवाना घेतलाय ना? मग लपवायचं काय?" आणि मला त्या क्षणी तो फार देखणा वाटला, हे इथे नमूद करते.

धूळ शेवटी सासूबाईंच्या बोलण्यातून मिळाली, पण त्यांना ते कधी सांगितलं नाही. त्या सहज म्हणाल्या, की पीटच्या दलदलीवरून वारा आला की अजूनही त्यांच्या वाळत घातलेल्या चादरी तपकिरी होतात. गावामागे दलदल आहे. तिथे उन्हाळाभर पीटची, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची, माती खरवडून वाळवतात, आणि तिथल्या गाडीवाटेवर पिठासारखी भुकटी साचते. सरकारला ती वाट ठाऊकच नव्हती. एका कोरड्या, वाऱ्याच्या शनिवारी आम्ही तिच्यावरून चार खेपा केल्या. मीही गेले. काचा लावूनही दातांत माती आली.

घरी येऊन खाली वाकून पाहिलं तर गाडीला केस आले होते. तपकिरी, दाट, मऊ, बोटभर. सासूबाई मोरीलबरोबर मुद्दाम बघायला आल्या. बराच वेळ वाकून बघून म्हणाल्या, "लेओने मोटारीला फरकोट शिवलाय. मी चाळीस वर्षं मागत होते, मला नाही मिळाला."

नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं, आणि मागोमाग मिठाचे ट्रक आले. आणि मग आम्हाला कळलं आपण काय करून बसलो होतो ते. डुकराची चरबी घ्यावी, तिला मीठ लावावं आणि थंडीत टांगून ठेवावी, ही आमच्या आयांची पाककृती. खारवलेलं डुक्कर. आमच्याकडे वाटाण्याच्या सूपपासून बीन्सपर्यंत त्याच्यावाचून काही शिजत नाही. लेओनिदासने तेच केलं होतं, फक्त मोटारभर.

पहिला आला तो सेनेटर. हा सासूबाईंचा म्हातारा कुत्रा, करडा, रुंद, एका कानाने बहिरा. गाडी त्यांच्या घरासमोरून गेली तसा तो ओट्यावरून उठला. कित्येक वर्षांत कुणी त्याला उठलेलं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बेकरीचा कुत्रा होता, आठवड्याभरात सगळ्या गावाचे कुत्रे. गाडी उभी राहिली की ते खाली शिरायचे, आणि दोन्ही बाजूंनी शेपट्या तेवढ्या दिसायच्या. पतपेढीसमोर शहरातले कुत्रे वेगळे. मॅनेजरसाहेबांनी एकदा खिडकीतून बघत विचारलं, "लेओनिदास, हे सगळे तुमचे खातेदार?"

रविवारी तर हद्द झाली. आम्ही चर्चला निघालो की मागून पंधरा-वीस कुत्री, पुढे सेनेटर. त्यामागे अडकलेली मोरीलची गाडी, आणि तिच्यात सासूबाई. मोरील भोंगा वाजवत बसायचा. एका वळणावर सासूबाईंनी काच खाली करून हाक मारली, "लेओ, तुझी मिरवणूक जरा कडेला घे. आम्हाला प्रार्थना गाठायचीये."

लेओनिदास झाडू घेऊन कुत्र्यांशी लढला. कामावरून आला की झाडू, सकाळी निघण्याआधी झाडू. दर शनिवारी, नाकातला श्वास गोठेल अशा थंडीत, तो पाठीवर सरपटत गाडीखाली जायचा आणि दिव्याने कोट तपासायचा. लोक हसायचे. ओविला कुंपणावरून म्हणायचा, "माझं मूळ प्रमाण पाळलं असतं तर असं झालं नसतं," आणि त्याचं मूळ प्रमाण दर वेळी वेगळं निघायचं. लेओनिदास कुणाला उलट बोलला नाही. आईला दिलेला शब्द गाडीच्या पोटाला चिकटवून ठेवायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. मीही हसत होते, पण त्याचे मोजे मात्र शेगडीजवळ गरम करून ठेवत होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो गाडीखालून बाहेर आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसला. असं त्याने लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही उरलं नाही, रोलांद. सगळं चाटून नेलं. उघडा पत्रा आहे."

"मग पुन्हा फासू. चरबी आणते मी."

"या थंडीत धरणार नाही. आणि मिठाचे अजून दोन महिने आहेत." मी पुढ्यात सूप ठेवलं. तो त्यात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई ऐंशीच्या पुढे गेली. तिच्यापाशी किती ईस्टर उरलेत? आणि ते सगळे मोरीलच्या गाडीतून जाणार."

मी खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

त्यानंतर त्याने झाडू उचलला नाही. कशाला उचलायचा? कुत्री मात्र येत राहिली. चरबी संपली होती, पण त्यांना चव लागली होती, आणि मीठ तर रोज ताजं येत होतं. गाडी घरी आली की सेनेटर आपली फौज घेऊन खाली शिरायचा आणि तासाभराने ओठ चाटत बाहेर यायचा. लेओनिदास खिडकीतून बघायचा आणि पडदा ओढून घ्यायचा.

ईस्टर १९७३ चा रविवार उजाडला, तो स्वच्छ आणि वाऱ्याचा. लेओनिदासने गाडी फळ्यांवर चढवली, पण वाकून पाहिलं नाही. फेब्रुवारीनंतर त्याने पाहिलंच नव्हतं. मोरील आईला घेऊन आला आणि आपल्या गाडीचं दार उघडं ठेवूनच उभा राहिला. ओविला कुंपणावर. फोर्तुनाही आले, मांस झाकण्याची माफी वसंतापर्यंतच होती याची आठवण करून द्यायला.

सासूबाईंच्या हातात काठी होती आणि काखेत एक पिशवी. त्यांनी हॅट काढून माझ्याकडे दिली, पिशवी माझ्याकडे दिली, आणि त्या वयात त्या गुडघ्यांवर बसल्या. लेओनिदास धरायला धावला. "सोड," त्या म्हणाल्या. "दिवा दे."

त्या खाली शिरल्या आणि काठीचा आवाज येऊ लागला. ठण. ठण. पुढून मागे, प्रत्येक सांध्यावर. कुठेही ठस झालं नाही. सासूबाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, हात झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोलांद, तुझी ताटंसुद्धा एवढी लखलखीत नसतात."

आम्ही सगळे खाली वाकलो. सुटाबुटात, ईस्टरच्या कपड्यांत, गुडघे टेकून. गाडीचं पोट आरशासारखं होतं. गंजाचा एक ठिपका नाही. मीठ गाडीपर्यंत पोचलं होतं रोज, पण रात्रभर टिकलं नव्हतं एकदाही.

"कुणी घासलं?" सासूबाईंनी विचारलं.

लेओनिदास हळूहळू उभा राहिला. "तुझ्या सेनेटरनं," तो म्हणाला.

सासूबाईंनी माझ्याकडून हॅट घेतली, पिशवी घेतली आणि मटारी गाडीत पुढे जाऊन बसल्या. मोरील तसाच दार धरून उभा. "आई, मग मी?"

"तू पुढे हो. कुत्र्यांना वाट करून द्यायला कुणीतरी हवंच."

लेओनिदासने चावी फिरवली. सासूबाईंनी पिशवीतून एक वस्तू काढली आणि मांडीवर घेतली. गेल्या वर्षीचा, उजव्या पायाचा, तो रबरी बूट.

"हे कशाला, आई?" मी मागून विचारलं.

"असू दे," त्या म्हणाल्या.

आता त्या सगळ्यांतली मी एकटी उरले आहे, म्हणून सांगते. ओविलाने जवस आणि चरबीचा उपाय आपला म्हणून मरेपर्यंत सांगितला, आणि त्यात कुत्र्यांचा उल्लेख कधी केला नाही. फोर्तुना निवृत्त झाले तेव्हा मांसवाहतुकीचा नियम रद्द झाला, आणि त्या दिवशी ते आमच्याकडे येऊन पाटी आठवण म्हणून मागून घेऊन गेले. मोरीलने पुढच्याच शरदात गुपचूप गाडीला चरबी फासली, पण त्याच्या वाट्याला कुत्री आली नाहीत. बहुधा त्याने मसाला कमी घातला. सेनेटर खूप जगला, फार जाडा झाला, आणि सासूबाईंच्या सफरचंदाच्या झाडाखाली आहे. लेओनिदासने दर ऑक्टोबरात पंप काढला आणि झाडू कायमचा टाकून दिला. मटारी गाडी सगळ्या गावाच्या गाड्यांपेक्षा जास्त टिकली, आणि शेवटी गेली ती इंजिनाने. तळ तसाच होता.

सासूबाई नव्वदीपर्यंत दर रविवारी तिच्यातून चर्चला आल्या, आणि दर रविवारी बूट मांडीवर. लेओनिदास दर वेळी एकदा तिकडे बघायचा. मग एका रविवारी, त्यांच्या शेवटच्या ईस्टरच्या आधी, त्या नुसतीच प्रार्थनेची माळ घेऊन बसल्या. बूट घरी दाराशी ठेवलेला मी पाहिला होता. लेओनिदासने मांडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि गाडी अशी अलगद, अशी जपून चालवू लागला की शेजारून सायकली पुढे गेल्या. चर्चचं वळण आलं तरी तो तसाच.

"लेओ," सासूबाई म्हणाल्या, "जरा जोरात चालव. एवढं हळू जायचं तर मी चालतच आले असते."